बियाण्याचा पावसाळा

दिवाळी आली की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, तळेघरच्या खाचरांत भातकापणीची घाई सुरू होते. कापलेलं भात कडप्यांत वाळतं, भारे खळ्यावर येतात, झोडणी होते, वाऱ्यावर पोचट दाणा उडवून भरीव दाणा खाली पडतो. घरातली जाणती बाई किंवा बाबा या राशीला हात घालण्याआधी एक काम उरकून घेतात. ज्या खाचरातलं पीक सरळ, निर्भेळ आणि न लोळलेलं होतं, तिथलं भात बियाण्यासाठी बाजूला काढतात. खायचं वेगळं, विकायचं वेगळं, पेरायचं वेगळं. बियाणं निवडण्याच्या या कसबावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण निवडलेल्या दाण्याचं पुढच्या सात महिन्यांत काय होतं, याकडे फारसं कुणी पाहत नाही. माझ्या मते या भागातल्या वाणांचं भवितव्य त्या सात महिन्यांत ठरतं, आणि सात महिन्यांचे एकोणीस झाले तर त्याहूनही जास्त ठरतं.

एकोणीस महिन्यांचं गणित असं. नोव्हेंबरात घरात आलेलं भात रोहिणीत धूळवाफेवर किंवा मृगात राबाच्या रोपवाटिकेत जातं. त्याला पावसाळा घरात काढावा लागत नाही. पावसाच्या तोंडावर ते मातीत गेलेलं असतं. पण सगळं बियाणं पेरणं धोक्याचं असतं. मृग कोरडा गेला, रोपं करपली, उंदीर-पाखरांनी वाफा साफ केला, तर दुसऱ्या पेरणीला हाताशी बी हवं. एखादं वाण यंदा लावलं नाही, पुढच्या साली लावायचं आहे, तर तेही जपायला हवं. हे राखीव बियाणं जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळेघरच्या घरात राहतं. त्याचा पावसाळा घराच्या आत असतो आणि बहुतेक वेळा तो त्याला सोसत नाही.

तळेघर हे घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरकडे चढणाऱ्या रस्त्यावरचं गाव. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. तालुक्याच्या पूर्वेला मंचरकडे ऊस, कांदा, बटाटा आणि पर्जन्यछायेतला बेताचा पाऊस. पश्चिमेला भीमाशंकर परिसरात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. एकाच तालुक्यात दोन हवामानं नांदतात. पश्चिम पट्ट्यात भात हे मुख्य पीक. उतारावर नाचणी, वरई, खुरासणी. परसात घेवडा, पावटा, काकडी, डांगर, दोडका. आणि जंगलात हिरडा. जुन्नरच्या पश्चिमेकडची गावंही अशीच. तिथून डोंगर ओलांडला की अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. या सगळ्या सह्याद्रीच्या कुशीत आंबेमोहोर, रायभोग, जिरवेल, काळभात अशी भाताची नावं अजून ऐकू येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस 90 टक्क्यांच्या वर राहते. उघड्यावर राहिलेला पापड तासाभरात मऊ पडतो. भाताचा दाणाही तसाच हवेतली ओल ओढून घेतो, फक्त सावकाश. प्रत्येक बियाण्याचं भोवतालच्या हवेशी एक देणंघेणं चालू असतं. हवा कोरडी असली की दाणा ओल सोडतो, दमट असली की घेतो, आणि काही दिवसांनी दोघांचं जमून येतं. भाताच्या बाबतीत 25 अंश तापमानाला हवेची आर्द्रता 45 टक्के असेल तर दाण्यात सुमारे साडेदहा टक्के पाणी राहतं. 60 टक्क्यांना साडेबारा, 75 टक्क्यांना साडेचौदाच्या जवळपास. आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की दाण्यातलं पाणी 18 टक्क्यांच्या घरात पोचतं. म्हणजे वैशाखात खणखणीत वाळलेलं भात श्रावणात पुन्हा जवळजवळ खळ्यावरच्या ओलाव्याला येतं, आणि घरातल्या कुणाला ते कळतही नाही, कारण दाणा हाताला ओला लागत नाही.

वाळलेला दाणा जिवंत असतो. त्याच्या आत कोंब आणि मुळाचा अंकुर अगदी मंद श्वास घेत असतो. पाणी कमी असलं की पेशींतला रस काचेसारखा घट्ट होतो, रासायनिक क्रिया जवळपास थांबतात. पाणी वाढलं की त्या पुन्हा सुरू होतात. पण मातीत रुजताना जी दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, तिच्यापुरतं पाणी मात्र नसतं. त्यामुळे मोडतोड चालू राहते आणि डागडुजी होत नाही. पेशींच्या पडद्यांतली स्निग्ध द्रव्यं खवटतात, विकरं निकामी होतात, डीएनएचे धागे तुटतात. असं बियाणं पाण्यात भिजत घातलं की त्याच्यातली साखर आणि क्षार भराभर बाहेर झिरपतात. प्रयोगशाळेत त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून बियाण्याचा जोम ओळखतात, तो याच कारणाने. त्यात भर पडते बुरशीची. आर्द्रता 65 टक्क्यांच्या पुढे गेली की साठवणीतल्या बुरशा वाढायला लागतात. सोंडकिड्यालाही ओलसर दाणा मानवतो. दाण्यातलं पाणी नऊ-दहा टक्क्यांखाली गेलं तर त्याची वाढ खुंटते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जेम्स हॅरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात याबद्दल दोन ढोबळ नियम सांगितले. ते आजही जगभरच्या बियाणे तंत्रज्ञांना तोंडपाठ आहेत. पहिला, दाण्यातलं पाणी एका टक्क्याने कमी केलं की त्याचं साठवणीतलं आयुष्य दुप्पट होतं. हा नियम साधारण 5 ते 14 टक्के या टप्प्यात लागू पडतो. दुसरा, साठवणीचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरवलं की आयुष्य पुन्हा दुप्पट. हे काही भौतिकशास्त्राचे अटळ नियम नाहीत, पिकापिकाप्रमाणे फरक पडतो. पुढे 1980 साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या एलिस आणि रॉबर्ट्स यांनी जास्त नेमकं समीकरण मांडलं. पण अंदाजाला हॅरिंग्टन पुरेसे आहेत. त्यांच्या हिशेबाने 14 टक्के ओलीचं भात 10 टक्क्यांवर आणलं तर त्याचं आयुष्य चार वेळा दुप्पट होतं, म्हणजे सोळा पट. आणि तेच भात न वाळवता 27 अंशांच्या खोलीतून 5 अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर? तेही सुमारे सोळा पटच. फ्रिजला वीज लागते. चार टक्के ओल काढायला चैत्र-वैशाखातलं ऊन लागतं, आणि ते तळेघरात भरपूर आहे.

हॅरिंग्टन यांनी आणखी एक ताळा दिला आहे. फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेची आर्द्रता यांची बेरीज शंभराच्या आत असावी, मग बियाणं सुखात राहतं. एप्रिलच्या दुपारी इथे 95 अंश फॅरनहाइट आणि 25 टक्के आर्द्रता धरली तर बेरीज 120 होते. जुलैत पारा 75 वर उतरतो, माणसाला गारवा वाटतो, पण आर्द्रता 90-95, आणि बेरीज 165-170. उन्हाळ्यातला उकाडा बियाण्याला मारतो अशी समजूत सर्रास आहे. दाणा कोरडा असेल तर उन्हाळा तो बऱ्यापैकी सोसतो. त्याचा जीव जातो तो गार, ओल्या श्रावणात.

पूर्वीच्या घरांनी यावर एक तोड काढली होती. बांबूच्या बेळांची कणगी, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली, जमिनीपासून उचलून लाकडी ओट्यावर ठेवलेली. थोडकं बियाणं मडक्यात, राखेत मिसळून, कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पाला घालून, तोंड शेणाने लिंपलेलं. चुलीच्या वर माळा. माळ्यावर मक्याची कणसं सोलपटांनी बांधून टांगलेली, घेवड्याच्या वाळक्या शेंगा, नाचणीची निवडक बोंडं. काकडी-डांगराचं बी राख-शेणात कालवून भिंतीला थापलेलं. पावसाळ्यात चूल दिवसातून दोन-तीन वेळा पेटायची, ऊब वर चढायची आणि माळ्यावरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा कोरडी राहायची. धुराने किडे पळायचे ते खरं, पण माझ्या मते ऊबेचं काम धुरापेक्षा मोठं होतं. हवा चार-पाच अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता बरीच खाली येते. त्या घरांना हायग्रोमीटर माहीत नव्हता, पण घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती हे पक्कं माहीत होतं.

ती घरं आता कमी झाली. घरकुलांचे स्लॅब आले, पत्रे आले, 2016 नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस आला. हे वाईट झालं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. चुलीच्या धुराने या डोंगरातल्या बायकांच्या छातीचं आणि डोळ्यांचं जे केलं आहे, ते पाहता धूर परत आणा म्हणणं क्रूरपणाचं आहे. पण धूर गेला तेव्हा माळाही गेला आणि त्याच्या जागी बियाण्यासाठी काही आलं नाही. बियाणं खताच्या रिकाम्या गोणीत भरून भिंतीला टेकवलं गेलं, तेही सिमेंटच्या फरशीवर. पावसाळ्यात फरशी पाझरते, गोणीचा तळ ओला होतो, आणि पेरणीच्या वेळी तळातलं निम्मं बियाणं काळं पडलेलं निघतं. विणलेल्या प्लास्टिकच्या गोणीतून हवा आत-बाहेर जाते. ओल अडवण्याच्या दृष्टीने ती पोत्यापेक्षा फार वेगळी नाही.

बंद डबा, काचेची बरणी, घट्ट झाकणाचा कॅन हवा अडवतो. मात्र इथे एक मोठी चूक होते. झोडणी झाली, दोन दिवस ऊन दिलं, आणि 14-15 टक्के ओल असलेलं भात नोव्हेंबरातच डब्यात कोंडलं, तर आतली ओल आतच राहते. थंडीच्या दिवसांत डबा रात्री गार पडतो, आतल्या हवेतलं पाणी झाकणाखाली जमतं, वरचे दाणे भिजतात, बुरशी धरते. मग लोक म्हणतात, प्लास्टिकने बियाणं मारलं. प्रमाणित बियाण्याचे भारतीय निकष पाहिले तर हा भेद त्यात स्पष्ट आहे. भाताच्या बियाण्यात साध्या पिशवीत 13 टक्क्यांपर्यंत ओल चालते. हवाबंद वेष्टणात भरायचं तर 8 टक्क्यांच्या वर चालत नाही. डबा जितका घट्ट, तितका दाणा आधी वाळलेला हवा.

म्हणून मला वाटतं, तळेघरसारख्या गावात बियाण्याला दोन मुक्काम लागतात. दिवाळीपासून वैशाखापर्यंत हवेशीर मुक्काम: कणगी, तागाचं पोतं, सारवलेली कोठी, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब. या महिन्यांत बाहेरची हवाच कोरडी असते, ती दाण्यातली ओल हळूहळू ओढून घेते. मग एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सरींच्या आधी, बियाण्याला ऊन दाखवायचं. हे धान्याच्या बाबतीत गावोगावी होतंच. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चटईवर पातळ पसरायचं, दुपारी कडक ऊन झालं की सावलीत ओढायचं. डांबरी रस्ता किंवा तापलेला स्लॅब नको. मे महिन्यात तो पन्नास अंशांच्या वर जातो आणि ओलसर दाणा चाळिशीच्या पुढे तापला की अंकुराला इजा होते. तीन-चार दिवसांनी दाणा दाताखाली कट्कन तुटायला लागला की शेवटच्या दिवशी ऊन कलताना, दाणा गार होताच डब्यात भरायचा. रात्रभर उघडा ठेवला तर पहाटेची ओल पुन्हा धरतो. डबा काठोकाठ भरायचा, म्हणजे आत हवा कमी राहते. झाकणाच्या सांध्यावर मेण किंवा चिकटपट्टी. तळाशी कापडी पुरचुंडीत नुकताच तापवून सुकवलेला कोळसा किंवा भाजून गार केलेले तांदूळ ठेवले तर उरलीसुरली ओल ते घेतात. मूठभर मात्र पुरत नाहीत, सढळ हाताने घालावे लागतात. मृग लागल्यावर तो डबा उघडायचा नाही. राखीव बियाणं दोन-तीन लहान डब्यांत ठेवलं, तर एक उघडावा लागला तरी बाकीचे शाबूत राहतात.

दाणा पुरेसा वाळला की नाही हे दाताने कळतं, पण एक मिठाची परीक्षाही आहे आणि ती कुठल्याही स्वयंपाकघरात जमते. तव्यावर गरम करून कोरडं केलेलं चमचाभर मीठ काचेच्या बरणीत घ्यावं. बरणीच्या चौथ्या हिश्शाइतकं भात त्यात घालून मिनिटभर हलवावं आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवावं. मिठाचे कण बरणीच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले, तर दाण्यातली ओल 15 टक्क्यांच्या वर आहे असं समजावं. मीठ मोकळं, कोरडं राहिलं तर त्याच्या खाली. हवाबंद डब्यासाठी हे पुरेसं नाही, पण ओलं बियाणं कोंडण्याची घोडचूक तरी टळते.

नोव्हेंबरात घेतलेल्या उगवण चाचणीने पुष्कळदा फसगत होते, त्याबद्दलही सांगायला हवं. नवं भात काही आठवडे झोपेत असतं; जिवंत असूनही रुजत नाही. परतीच्या पावसात उभ्या लोंब्यांना मोड फुटू नयेत म्हणून ही झोप पिकाच्या उपयोगी पडते. कोरड्या, उबदार साठवणीत ती आपोआप उतरते. प्रयोगशाळेत घाई असेल तर बी काही दिवस 50 अंशांच्या कोरड्या उष्णतेत ठेवून ती मोडतात. त्यामुळे दिवाळीत शंभरातले चाळीस उगवले म्हणून बियाणं फेकून देऊ नये, आणि दिवाळीत नव्वद उगवले म्हणून जूनपर्यंत निर्धास्तही राहू नये. बियाण्याचा ऱ्हास सरळ रेषेत होत नाही. बरेच महिने उगवण नव्वदीत टिकते, आतली झीज वर दिसत नाही, आणि मग एका उतारावर थोड्या आठवड्यांत ती साठ, चाळीस, वीस अशी घसरते. आधी जातो तो जोम. मोड येतो, पण राबातल्या कडक झालेल्या मातीतून वर यायची ताकद त्यात नसते. घरातल्या ओल्या फडक्यात ऐंशी उगवलेलं बी वाफ्यात साठच दिसतं, ते यामुळे.

चाचणी खरी कामाची ती पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधीची. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून घ्यावा, राशीच्या वरून, मधून, तळातून मिळून शंभर दाणे उचलावेत. निवडून नाही, येतील तसे. दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, रोज पाण्याचा हबका मारावा. आठवड्याने उलगडून ज्यांना मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तेवढेच मोजावेत. प्रमाणित भातासाठी 80 टक्के उगवण लागते. आपल्या बियाण्याचे साठच उगवले तर एक तृतीयांश बियाणं जास्त लागेल, इतका साधा हिशेब. पन्नासच्या खाली आले तर वाफ्यावर राब जाळण्यापूर्वीच दुसरं बी शोधावं. मे महिन्यात सोयऱ्यांकडून मिळतं. जुलैत पैसे देऊनही मिळत नाही.

सगळ्या पिकांचा पिंड एक नसतो. नाचणीचं धान्य वर्षानुवर्षं टिकतं, बारीक दाण्यात सोंडकिड्याला जागा नसते. तळेघरच्या उतारावरची ही सगळ्यात सोशीक ठेव. खुरासणीचं बी तेलकट. तेलाला पाणी लागत नाही, त्यामुळे त्याच दमट हवेत खुरासणीच्या दाण्यात एकूण पाणी कमी भरतं, पण जे भरतं ते सगळं उरलेल्या जिवंत भागावर येतं. म्हणून निकषांत तेलबियांसाठी ओलीची मर्यादा भातापेक्षा खाली आहे. घेवडा-पावट्याला भुंगेऱ्याचा धोका, आणि तो भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालून दाण्याबरोबर घरी येतो. त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी शत्रू आत असतो. किलोला पाच-दहा मिलिलिटर खाद्यतेल चोळणं किंवा राखेत पुरणं हे त्यावरचे सिद्ध झालेले उपाय. तालुक्याच्या पूर्वेला आणि जुन्नरच्या बागायती भागात कांद्याचं बी आहे. त्याचं आयुष्य भाजीपाल्यातही अल्प मानलं जातं. उघड्यावर एक पावसाळा काढला की ते बहुतेक संपतं. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था याच पट्ट्यात आहे. तरी गेल्या वर्षीचं उरलेलं कांदा-बी विश्वासाने रोपवाटिकेत टाकणारे आणि मग हात चोळणारे शेतकरी दर हंगामात भेटतात.

अल्पायुषी बियाण्याने काय अनर्थ होतो ते महाराष्ट्राने 2020 च्या खरिपात पाहिलं. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा पूर आला. प्रकरण इतकं वाढलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बियाणं पुरवणाऱ्यांचे दोष होते, त्यांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्याच्या मुळाशी 2019 च्या ऑक्टोबरातला पाऊसही होता. काढणीच्या वेळी शेंगा भिजल्या, दाणा ओला घरात आणि गोदामात गेला. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर त्याच्या अगदी लगत. पोतं उंचावरून आपटलं तरी तो दुखावतो. प्रमाणित सोयाबीनला कायद्यानेच उगवणीची अट 70 टक्क्यांवर ठेवावी लागली आहे, यावरून त्याचा नाजूकपणा कळावा. त्यानंतर कृषी विभागाने घरचं बियाणं वापरा, पेरणीआधी गोणपाटाची चाचणी घ्या, असा प्रचार जोरात केला. चांगलं केलं. पण घरचं बियाणं वापरा असं जूनमध्ये सांगून भागत नाही. ते कसं ठेवायचं, हे ऑक्टोबरात सांगायला हवं.

विकतच्या पिशवीच्या बाबतीतही साठवणच महत्त्वाची. पिशवीवरच्या खुणचिठ्ठीवर उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. प्रमाणित बियाण्याची पहिली वैधता चाचणीपासून नऊ महिन्यांची. ती टक्केवारी चाचणीच्या दिवसाची असते. त्यानंतर पिशवी पत्र्याच्या दुकानात राहिली की ओल्या गोदामात, हे चिठ्ठी सांगत नाही. म्हणून पावती, चिठ्ठी, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावं. तक्रार झाली तर तालुकास्तरावरची समिती पंचनामा करते, आणि त्या वेळी याच वस्तू कामी येतात.

डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने देशी वाणांची बँक उभी केली. 2018 सालचा नारीशक्ती पुरस्कार आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावर ती सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. त्यांच्या कामाचं कौतुक होतं ते मुख्यतः वाणांच्या संख्येवरून. मला त्यांच्या बँकेतली सारवलेली भिंत, मडकी, राख आणि पाला तितकीच मोलाची वाटतात. वाणांची यादी कागदावर टिकते. मडक्यातलं बी मेलं तर त्या यादीचा पेरणीला उपयोग नाही. आणि बियाण्याचं मरण डोळ्यांना दिसत नाही. काळभाताचा मेलेला दाणा आणि जिवंत दाणा शेजारी ठेवले तर रंग, आकार, वास सारखाच असू शकतो.

दिल्लीतल्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुक पेढीत बी 3 ते 7 टक्के ओलीपर्यंत सुकवून, ॲल्युमिनियमच्या थराच्या पाकिटात हवाबंद करून, उणे 18 अंशांत ठेवतात. नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातली, 2008 साली सुरू झालेली जागतिक पेढीही उणे 18 अंशांचीच. तिथून पहिल्यांदा बी परत मागवावं लागलं ते 2015 साली, सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची इकार्डा या कृषी संशोधन संस्थेची पेढी हाताबाहेर गेली तेव्हा. एकाच जागी ठेवलेलं बी एका आघाताने जाऊ शकतं, हे त्यातून सगळ्या जगाला कळलं. आंबेगावला ते वेगळ्या दुःखाने कळलेलं आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. माणसांपुढे बाकी कशाचा हिशेब मांडू नये. पण ज्या गावात एखादं वाण एकाच घरात उरलं आहे, तिथे ते किती पातळ धाग्याला लटकतं आहे, हे या डोंगरात सांगावं लागत नाही. या भागातल्या बायका माहेरचं बी सासरी नेतात, सोयऱ्यांना वाणगीचं भात देतात, ही रीत म्हणूनच फार मोलाची. प्रत्येक लग्नाबरोबर वाणाचं एक घर वाढतं. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखण्याचा, वापरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. या बायका तो कायद्याच्या कितीतरी आधीपासून बजावत आल्या आहेत.

वाळवण्याचा मंत्र सगळ्या बियांना लावू नये, एवढं मात्र बजावून सांगतो. आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया वाळल्या की मरतात. निसर्गात त्या ओल्या जमिनीवर पडतात आणि लगेच रुजतात. त्यांना साठवणीची सवयच नाही. फणसाची आठळी जपून ठेवायची म्हणून उन्हात टाकली तर ती आमटीपुरतीच उरते. त्या ताज्याच पेराव्या लागतात. हिरड्याची तऱ्हा आणखी निराळी. या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांची वर्षाची रोकड हिरड्यावर उभी आहे, पण नवी झाडं लावायची म्हटलं तर त्याची कठीण कवचाची बी महिनोन्‌महिने रुजत नाही. ती जिवंत असते, कवच पाणी आत जाऊ देत नाही. तिला साठवणीपेक्षा कवच खरवडणं आणि दीर्घ भिजवण गरजेची असते.

तळेघर आणि भोवतालच्या गावांना यापुढे जे लागेल त्याची किंमत फार नाही. गावागणिक एक ओलमापक यंत्र, बचत गटाकडे किंवा विकास सोसायटीत ठेवलेलं. घट्ट झाकणाचे लहान डबे, चांगल्या चटया. राखीव बियाणं दोन वेगवेगळ्या गावांत ठेवण्याची सोय. घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. दोघांच्या कक्षेत बसणारं हे काम आहे. आदिवासी भागासाठी बियाणं वाटण्याच्या योजना येतात, पिशव्यांचे फोटो निघतात, आणि वाटून उरलेल्या पिशव्या तिथल्याच ओल्या खोल्यांत पावसाळा काढतात. त्या खर्चातला थोडा भाग गावात आधीपासून असलेलं बी जिवंत ठेवण्यावर वळवला, तर दुबार पेरणीची वेळ आल्यावर बाहेरच्या पिशवीची वाट पाहावी लागणार नाही. फक्त यंत्र, डबे आणि शिकवणारा माणूस एप्रिलच्या आत गावात पोचला पाहिजे. वळीव झाल्यावर आला तर ते बियाणं त्या साली वाळायचं राहिलंच.